पोरगं अजून उठलेलं नाही

आमच्या रिकव्हरी रूमच्या खिडकीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. मुलं घरी गेली की मागे काय काय राहायचं! एका पायातलं पैंजण, प्लास्टिकची शिट्टी, एकटाच मोजा, फिरकीचा तुटका दांडा. कुणी मुद्दाम जमवलं नव्हतं. टाकवत नव्हतं म्हणून त्यात पडत गेलं आणि एक दिवस झाकणच बसेना. माझ्या डोक्यात तिथले किस्से असेच साठले. चार माणसं चहाला बसली की एखादा आपोआप बाहेर पडतो आणि मग बाकीचे आत राहायला तयार होत नाहीत!

तर मी सुनंदा. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण सुरतेजवळ उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. नर्सिंग केलं आणि सुरतेतल्याच लहान मुलांच्या ऑपरेशनच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. नव्वदीची सगळी वर्षं तिथेच काढली.

काम काय? ऑपरेशन झालेलं मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? भुलेतून उठताना काही मुलं अशी बिथरतात की बघवत नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही. किंचाळतात, लाथा झाडतात, सलाइन उपटतात. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग परत झोपतात आणि नीट उठतात तेव्हा त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

भूल देणारे आमचे डॉक्टर भावसार म्हणायचे, "सिस्टर, शरीर उठलंय. पोरगं अजून उठलेलं नाही. मग रागवायचं कुणावर?"

तेव्हाची पद्धत साधी होती. मुलाचे हात बँडेजने कॉटच्या दांडीला बांधायचे, दार लावायचं, आईबाप बाहेर. सर्जन देसाईसाहेबांचा नियमच होता, "आई आत आली की एकाचे दोन पेशंट होतात!"

आमच्याकडे निम्मं बोलणं गुजरातीत चालायचं. मी मराठीतच सांगते, नाहीतर प्रत्येक किश्श्याला दुभाषा लागेल.

*

पहिल्याच आठवड्यात मी चावा खाल्ला.

कामरेजची सहा वर्षांची मुलगी होती. सकाळी आली तेव्हा इतकी गुणी की काय सांगू! प्रत्येक वाक्याला "हा बेन, जी बेन". हर्नियाचं छोटं ऑपरेशन झालं. उठताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तिने माझं मनगट धरून असा चावा घेतला की रक्त आलं. वर शिव्या! त्यातल्या दोन मी तोवर ऐकल्याही नव्हत्या.

दोन तासांनी ती उठून बसली. पुन्हा तशीच गुणी. माझ्या मनगटावरची पट्टी बघून डोळे मोठे केले. "बेन, तुम्हाला काय लागलं?"

आता तिला काय सांगणार? म्हटलं, "कुत्रं चावलं गं."

ती फार हळहळली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अरेरे! मग तर पोटात चौदा इंजेक्शनं!"

*

आमच्याकडे हंसाबेन म्हणून थिएटरची जुनी नर्स होती. पक्की सुरती, आवाज खणखणीत आणि जीव मुलांवर. आणि एक मंजुळामावशी. मावशी आया होत्या, मूळच्या धुळ्याकडच्या. घरी अहिराणी, दवाखान्यात सगळ्या भाषांची भेळ.

एकदा लिंबायतचा पाच वर्षांचा मुलगा उठताना बिथरला. बाप पॉवरलूमवर कामाला, घरी सगळे खान्देशी. मी दुसऱ्या कॉटपाशी अडकले होते म्हणून हंसाबेन त्याला थोपटायला गेल्या. "सूई जा बेटा, सूई जा."

गुजरातीत सूई जा म्हणजे झोपून जा. पण ते पोरगं घाबरून ओरडायला लागलं, "सुई नको! सुई नको!"

हंसाबेनला वाटलं, पोरगं ऐकतंय. त्यांनी आवाज चढवला. "हा बेटा, सूई! सूई जा!"

पोरगं कॉटवरून उडी मारायच्या बेतात! एवढ्यात मंजुळामावशी बादली खाली ठेवून धावत आल्या. "अहो बेन, पोरगं सुईलाच भ्यालंय आणि तुम्ही सुई सुई काय लावलंय!" मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "नीज रे भाऊ, नीज. तुनी माय आठेच शे."

आई दाराबाहेर होती, पण आपल्या घरची भाषा ऐकून पोरगं जरा सैल झालं. थोड्या वेळाने झोपलं.

दुसऱ्या दिवशी भावसार डॉक्टरांनी फळ्यावर खडूने लिहिलं, "मराठी मुलांना झोपायला सांगू नये." खाली हंसाबेनने लिहिलं, "मग काय नाचायला सांगू?"

*

पूर्वी मूल थिएटरमधून बाहेर आलं रे आलं की सगळे त्याला उठवायला लागायचे. गालावर चापट्या, "डोळे उघड! नाव सांग! जीभ काढ!" भावसार डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. त्यांचं म्हणणं, श्वास नीट असेल, नाडी नीट असेल, तर मुलाला कुशीवर निजवा, पडदा ओढा आणि त्याचं त्याला उठू द्या. दचकून उठलेलं मूल जास्त बिथरतं.

खोली एकदम शांत झाली. मलाच कधी कधी दडपण यायचं.

एका दुपारी दवाखान्याचे एक ट्रस्टी पाहणीला आले. बघतात तर चार कॉटवर चार मुलं गाढ झोपलेली, मी स्टुलावर बसलेली, डॉक्टर भिंतीला टेकून उभे. ट्रस्टींनी हळूच विचारलं, "इथे कुणी काम करत नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "शेठ, हेच काम आहे. मुलं रडत नाहीयेत ना?"

ट्रस्टींना ते इतकं पटलं की त्यांनी जोरात टाळी वाजवली. "शाबाश!"

चारही मुलं एकदम उठली.

*

हा पुढचा हसण्यासारखा नाही. पण तो सोडून बाकीचे सांगितले तर ते खोटं होईल.

रंजना म्हणून आठ वर्षांची मुलगी होती. वडील इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. टॉन्सिल काढले होते. घशाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा बाहेरून यायचे, त्यांनी केलं. मुलगी रिकव्हरीत आली, थोडी झोपली आणि मग बिथरली. डोकं इकडून तिकडे, पाय झाडणं, सगळं नेहमीसारखं. हात सारखा तोंडाकडे नेत होती. मला वाटलं, ओढाताण करतेय. मी दोन्ही हात बांधले. तरी ओढतच होती. मी गाठ आणखी आवळली आणि म्हटलं, "थांब बाळा, भूल उतरतेय. आता होशील शांत."

आणि खरंच ती हळूहळू शांत व्हायला लागली. मला बरं वाटलं.

मंजुळामावशी फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. "ताई, ही पोरगी काय गिळतेय?"

"गिळतेय?"

"कधीपासून बघतेय. पाणी दिलं नाही, खाणं नाही. मग गिळतेय काय?"

मी वाकून तोंड उघडून बघितलं. मागे रक्त साचलेलं होतं. नाडी धावत होती. ती शांत होत नव्हती, तिचं अंग गळत चाललं होतं.

मी भावसार डॉक्टरांना हाक मारली, तशी हाक पुन्हा कधी मारली नाही. घशाचे डॉक्टर जिन्यात गाठले, मुलीला परत टेबलावर घेतलं. रक्त थांबलं. मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी वडिलांचं बोट धरून चालत घरी गेली. जाताना घोगऱ्या आवाजात मला "येते हं सिस्टर" म्हणाली.

तिच्या मनगटांवर माझ्या गाठींचे वळ होते. तिला काहीच आठवत नव्हतं. मला आठवत होतं. ती हात तोंडाकडे का नेत होती, हे मी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी भावसार डॉक्टर मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सिस्टर, भूल उतरतेय हे सगळ्यात शेवटी म्हणायचं. आधी श्वास बघायचा, रक्त बघायचं, दुखतंय का बघायचं. काहीच नसेल तर मग भूल."

मी बँडेजची ती गुंडाळी ड्रेसिंगच्या कपाटात ठेवून दिली. त्यानंतर मी कुणाचे हात बांधले नाहीत. लाथा खाल्ल्या, बुक्क्या खाल्ल्या. चालतं.

मंजुळामावशींना मी म्हटलं, "मावशी, तुमच्यामुळे वाचली."

मावशी म्हणाल्या, "पाय वर घ्या, फरशी ओली आहे."

*

त्यानंतर भावसार डॉक्टर आणखी जिद्दीला पेटले. ऑपरेशन संपायच्या आधी, मूल गुंगीत असतानाच, कमरेखाली एक इंजेक्शन देऊन ठेवायला लागले. उठल्यावर टाक्यांची जागा बधिर, म्हणजे निदान दुखणं तरी नाही. बिथरणारी मुलं दिसण्याइतकी कमी झाली. पण सगळी नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की घाबरत झोपलेलं मूल घाबरतच उठतं. आईबाप काय काय सांगून आणायचे! डुमसला फिरायला जातोय, मावशीकडे जातोय, फोटो काढायचाय! म्हणून डॉक्टर आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन मुलांमध्ये बसायला लागले. भुलीचा काळा रबरी मास्क बरोबर. "बघा, हा असा नाकावर ठेवायचा, दहा आकडे मोजायचे. उठलं की थोडं गरगरेल, मग आई."

एकदा एका मुलीने अट घातली. "आधी तुम्ही झोपा!"

डॉक्टर रिकाम्या कॉटवर आडवे झाले. मुलीने मास्क नाकावर ठेवला. नुसताच हं, नळी कशालाच जोडलेली नव्हती! बाकीची मुलं मोजायला लागली. एक, दोन, तीन... डॉक्टर सकाळपासून उभे होते. सातपर्यंत खरोखर घोरायला लागले!

मुलं चिडीचूप. कुणी हलेना. मी दारातून बघत होते. वीस मिनिटं सात-आठ मुलं त्यांच्याभोवती बसून होती.

शेवटी एकाने मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "सिस्टर, हे उठले की चावतील का?"

*

आईला आत घ्यायचं मात्र देसाईसाहेबांना मान्य नव्हतं. भावसार डॉक्टरांनी दोनदा विषय काढला, दोनदा तेच उत्तर. "एकाचे दोन पेशंट होतात!" साहेब हाताने हुशार, मनाने चांगले, पण एकदा नाही म्हणाले की नाही.

मग साहेबांच्या चार वर्षांच्या नातीचंच ऑपरेशन आलं. बेंबीचा हर्निया. स्वतःच्या नातीवर त्यांचा हात चालेना, दुसऱ्या सर्जनला बोलावलं. मुलगी रिकव्हरीत आली आणि उठताना अशी काही बिथरली की खोली डोक्यावर घेतली. "मम्मी! मम्मी!" मी श्वास बघितला, पट्टी बघितली. सगळं नीट होतं. तिला फक्त मम्मी हवी होती.

दारावर टकटक झाली. उघडलं तर देसाईसाहेब. साध्या शर्टात, शेजारी त्यांची लेक, रडून लाल झालेली.

साहेब म्हणाले, "सिस्टर, आत येऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची परवानगी मागितलेली मी ऐकली नव्हती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एकाचे दोन पेशंट होतील."

साहेब बाजूला सरकले आणि लेकीला पुढे केलं. "मी बाहेरच थांबतो. हिला घ्या."

जादूबिदू काही झाली नाही. नातीने आईलाही दोन लाथा घातल्या. पण पाच-सात मिनिटांत आईची बांगडी मुठीत धरून ती झोपली. आई अजिबात रडली नाही. शांतपणे थोपटत बसली होती.

ही बातमी द्यायला मी दार उघडलं. साहेब बाकावर आडवे, कपाळावर ओला रुमाल आणि हंसाबेन त्यांचं बीपी घेत होत्या!

दुसरा पेशंट बाहेर निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कॉटजवळ एकेक स्टूल होतं. कुणी ठेवलं, मी विचारलं नाही.

*

त्या स्टुलांवर पुढे मुलांच्या आया बसल्या, आज्या बसल्या. एकदा एक बाप बसला. बायको बाळंतपणाला गावी गेलेली, म्हणून तीन वर्षांच्या मुलाला घेऊन एकटाच आलेला लूम कामगार. मुलगा उठला आणि सुरू झाला. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, बाप जवळ होता, पडदे ओढलेले, खोली अगदी शांत. तरी पोरगं थांबेना!

बाप अवघडून म्हणाला, "सिस्टर, इथं एवढं शांत का ठेवता?"

"मुलांना झोप लागावी म्हणून."

"आम्ही कारखान्याच्या वरच राहतो. लूम बंद पडला की हा दचकून उठतो."

मी काही बोलायच्या आत त्याने बोटांच्या पेरांनी कॉटच्या पत्र्यावर ठेका धरला. खटाक-खट, खटाक-खट. दोन मिनिटांत पोराच्या मुठी सुटल्या. पाचव्या मिनिटाला गाढ!

भावसार डॉक्टर आवाज ऐकून आत आले. बाप घाबरून थांबला. पोराने लगेच डोळे उघडून भोकाड पसरलं.

"चालू ठेवा! चालू ठेवा!" डॉक्टर घाईने म्हणाले.

तेवढ्यात खालून बापाला कागदावर सही करायला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "जा तुम्ही, मी वाजवतो." आणि स्टुलावर बसून खटाखट खटाखट सुरू केलं.

बाप दारापर्यंत गेला होता, तो वळला. "साहेब, हळू! धागा तुटेल!"

*

आणि हा शेवटचा.

कोसाडच्या वसाहतीतला नऊ वर्षांचा विलास जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलतही नव्हता. घरात त्यांच्या स्वतःच्याच खुणा होत्या. आई सुमनबाई आणि सात वर्षांची बहीण, दोघी त्या खुणांत भराभर बोलायच्या. आम्हाला एकही कळायची नाही. देसाईसाहेबांनी ऑपरेशन केलं, सगळं व्यवस्थित झालं. साहेब आता स्वतः रिकव्हरीत डोकवायला लागले होते.

विलास उठला तोच बिथरलेला. पण बाकीची मुलं तोंडाने जे करायची ते हा हातांनी करत होता. हात नुसते भिरभिरत होते. सुमनबाई स्टुलावर बसून त्याला शांत करत होत्या, बहीण दारात उभी.

मग त्याची नजर देसाईसाहेबांवर गेली. त्याने अंगठा हनुवटीखाली टेकवला, चारही बोटं झपकन पुढे उडवली आणि साहेबांकडे बोट दाखवलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. दर वेळी जास्त जोरात!

सुमनबाई कानापर्यंत लाल झाल्या.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"काही नाही साहेब. पाणी... पाणी मागतोय."

"मग माझ्याकडे बोट का दाखवतोय?"

"तुमच्याकडेच मागतोय."

साहेबांना भरून आलं. म्हणाले, "आत्ता देता येणार नाही. पण त्याला सांगा, वेळ झाली की पहिला घोट मीच पाजीन." आणि खरंच, दोन तासांनी स्वतः ग्लास घेऊन आले. तोवर विलास नीट जागा झाला होता. गपचूप पाणी प्यायला.

मी बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, पाणीच ना?"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आई मारेल."

दुसऱ्या दिवशी राउंडला साहेब विलासच्या कॉटपाशी थांबले. सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग अंगठा हनुवटीखाली टेकवला, चारही बोटं पुढे उडवली आणि अगदी प्रेमाने विलासकडे बोट दाखवलं.

विलासचा आ वासलेला तसाच राहिला. बहीण पळत व्हरांड्यात गेली. सुमनबाईंनी पदर तोंडावर घेतला. आणि मग विलास असा हसायला लागला की टाके दाबून धरावे लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी!

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा सिस्टर! मुलाशी त्याच्या भाषेत बोललं की कसं खुलतं!"

पुढे साहेब निवृत्त होईपर्यंत, मोठं ऑपरेशन संपलं की हातमोजे काढायचे, थकून खुर्चीत बसायचे आणि हंसाबेनकडे बघून अंगठा हनुवटीखाली टेकवायचे. चारही बोटं उडवायचे. मग त्यांच्याकडे बोट.

आणि हंसाबेन हसत हसत पाण्याचा ग्लास घेऊन यायच्या.